टिश्यू पेपर: पुढच्या दहा-पंधरा वर्षांत नक्की काय बदलणार?

कागदी घोडा

टिश्यू मशीनच्या ड्रायर सेक्शनवर बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे कोणी "टिश्यू इंडस्ट्रीचे फ्युचर ट्रेंड्स" असं काही फॉरवर्ड केलं की आधी उघडून बघतो आणि मग वैतागतो. सगळीकडे तेच तीन शब्द, सस्टेनेबल, प्रीमियम आणि स्मार्ट. यातले पहिले दोन एकमेकांच्या पायात पाय घालतात हे मात्र कोणी लिहीत नाही. म्हणून हा धागा काढतोय.

माझं म्हणणं असं की टिश्यूचं पुढे काय होणार हे दोन गोष्टींवर ठरेल, ओला कागद वाळवायची उष्णता कुठून आणणार आणि लगदा कुठून आणणार. बाकी सगळं मागाहून. आणि या दोन्हींवर भार टाकणारी गोष्ट एकच आहे, गिऱ्हाइकाला हवा असलेला मऊपणा.

मशीन पाहिलं नसेल त्यांच्यासाठी जरा सांगतो. हेडबॉक्समधून, म्हणजे लगदा सोडणाऱ्या पेटीतून, जाळीवर जे पडतं त्याला लगदा म्हणायचं पण खरं तर ते पाणीच असतं, हजार लिटरमागे साधारण दोन किलो तंतू. जाळीतून, फेल्टमधून (पाणी शोषणारं जाड कापड), प्रेसमधून बहुतेक पाणी निघून जातं तरी यांकीवर चढताना कागद जेमतेम ४० टक्के कोरडा असतो, म्हणजे १ किलो तंतूंबरोबर अजून दीड किलो पाणी शिल्लक. यांकी म्हणजे आत वाफ भरलेलं अवाढव्य पिंप, व्यास चार-पाच मीटर, काही त्याहूनही मोठी, आणि त्याच्या डोक्यावरच्या हूडमधून चार-पाचशे अंशांची हवा कागदावर आदळत असते. मशीन मिनिटाला २००० मीटरने पळत असेल तर एवढ्या मोठ्या पिंपावरसुद्धा कागद अर्धा सेकंददेखील राहत नाही. तेवढ्यात ते सगळं पाणी उडवायचं. मग डॉक्टर ब्लेड कागदाला पिंपावरून खरवडून काढतं आणि त्या धक्क्यानेच त्याला त्या बारीक सुरकुत्या पडतात, तीच क्रेप. ब्लेड झिजायला लागलं की जुन्या ऑपरेटरला मीटर बघावा लागत नाही, जंबो रोलवर, म्हणजे मशीनवरून उतरणाऱ्या अवाढव्य रोलवर, हात फिरवला की कळतं.

तर एवढी उष्णता आजही बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायू जाळून येते. पुढच्या ट्रेंडची गोष्ट इथून सुरू करायला हवी असं मला वाटतं. बोला.

चौकस_मनी

वा, धागा आवडला. घोडेराव, एक बाळबोध प्रश्न. मी हल्ली ते मातकट रंगाचे बांबूचे रोल घेते, ब्लीच न केलेले. पुढे सगळं बांबूवर जाईल असं वाचलं होतं. त्यात तथ्य आहे का नुसतं मार्केटिंग?

कागदी घोडा

मनीताई, थोडं तथ्य आणि बरंच मार्केटिंग.

टिश्यूत दोन प्रकारचे तंतू लागतात. निलगिरीसारख्या झाडांचे आखूड तंतू, पाऊण मिलिमीटरचे, त्यांनी कागद मऊ लागतो. आणि थंड प्रदेशातल्या सूचिपर्णी झाडांचे लांब, दोन-अडीच मिलिमीटरचे, ते कागदाला फाटू देत नाहीत. बांबूचा तंतू या दोघांच्या मधला. त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या चांगला आहे, झटपट वाढतो, कापला की परत फुटतो. पण बांबूचा लगदा बनवणारे कारखाने मुख्यतः चीनमध्ये, आणि तिथे तो शिजवायला कुठलं इंधन जाळलं, मग तो जगभर जहाजाने फिरला, हे हिशेबात धरलं की "झाड वाचवलं" एवढ्यावर गोष्ट संपत नाही. कोळशावर शिजवलेला बांबू आणि बायोमासवर शिजवलेली निलगिरी यात मी दुसरी घेईन.

आणि भेसळीचं काय? ब्रिटनमधल्या विच? या ग्राहक संस्थेने २०२४ मध्ये बांबूचे म्हणून विकले जाणारे टॉयलेट रोल तपासून घेतले तर काही ब्रँडमध्ये पाच टक्केसुद्धा बांबू निघाला नाही, बाकी नेहमीची लाकडंच. नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा.

माझ्या मते बांबूपेक्षा गव्हाचा पेंढा हा जास्त लक्ष ठेवण्यासारखा प्रकार आहे. एसिटी या स्वीडिश टिश्यू कंपनीने जर्मनीत मानहाइमला २०२१ मध्ये पेंढ्यापासून लगदा करायचा प्लांट सुरू केला, वर्षाला ३५ हजार टन क्षमतेचा. हे शेताच्या जवळच होऊ शकतं. अडचण अशी की पेंढा वर्षातून एकदाच येतो, जागा भयंकर खातो, भिजला की कुजतो, आणि त्यात सिलिका असते ती रिकव्हरी बॉयलरला (लगदा शिजवून उरलेला काळा द्राव जाळून रसायनं परत मिळवणारा बॉयलर) त्रास देते. तरी एका मोठ्या कंपनीने त्यात हात घातला हे मला बांबूच्या हजार जाहिरातींपेक्षा जास्त सांगून जातं.

वसुधा_क

मी मोठ्या इमारतींचं हाउसकीपिंगचं काम बघते, त्यामुळे खरेदीच्या बाजूने लिहिते. गेल्या काही वर्षांत रिसायकल्ड टिश्यूचा दर्जा घसरलाय असं आमच्याकडे सगळ्यांचं मत. पूर्वी जो पांढरा, बऱ्यापैकी मजबूत यायचा तो आता करडा येतो, ठिपके असतात, हात पुसताना तुकडे पडतात. सप्लायर म्हणतो कच्चा मालच तसा आहे. हे खरं का आमचाच सप्लायर मखलाशी करतोय?

कागदी घोडा

वसुधाताई, तुमच्या सप्लायरची वकिली करायची नाही, पण यात तो खरं बोलतोय. आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

चांगला रिसायकल्ड टिश्यू कशातून बनतो? ऑफिसच्या पांढऱ्या कागदाच्या रद्दीतून. प्रिंटआउट, झेरॉक्स, फायली. या कागदात मुळातला चांगला रासायनिक लगदा असतो, लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना धरून ठेवणारा पदार्थ, काढलेला. आता ऑफिसात कोण प्रिंट काढतंय? २०२० नंतर तर घरून काम सुरू झालं आणि जे थोडं उरलं होतं तेही गेलं. वर्तमानपत्रं, मासिकं आधीपासूनच आटत चालली होती. एकीकडे सगळे म्हणतात रिसायकल्ड वापरा आणि दुसरीकडे जगात पांढरा कागद छापणंच कमी होतंय. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

रद्दी वाढतेय ती फक्त एकाच प्रकारची, ऑनलाइन खरेदीच्या खोक्यांची. त्यातून तपकिरी टिश्यू होऊ शकतो, हात पुसायला ठीक आहे, आणि तुम्हाला पुढे तोच जास्त दिसेल असा माझा अंदाज. पण त्यात पांढरेपणा आणि मऊपणा आणायचा तर इतकी धुलाई आणि ब्लीचिंग लागतं की शेवटी हातात अर्धाच माल राहतो आणि बाकी गाळ.

अजून एक, टिश्यू हे तंतूचं शेवटचं स्टेशन आहे. कागदाचा खोका परत खोका होतो, परत होतो, टिश्यू मात्र एकदा वापरला की गटारात नाहीतर कचऱ्यात. त्यामुळे बाकीच्या कागदवाल्यांनी तंतू पुरवत राहायचं आणि टिश्यूवाल्यांनी ते संपवायचे अशी ही साखळी होती. पुरवणारेच कमी झाले तर टिश्यूवाला ताज्या लगद्याकडेच जाणार, आणि तेच होतंय.

अर्धवट

एवढी वाफ, एवढी यंत्रं, एवढी झाडं, आणि सगळं कशासाठी तर पुसण्यासाठी. पाणी नावाची गोष्ट आहे हो जगात. जेट स्प्रे बसवा, उद्योग बंद, धागा बंद. हाकानाका.

निवांत_नाना

अर्धवटराव, उचलली जीभ लावली टाळ्याला. जपानच्या टोटोने वॉशलेट, म्हणजे पाणी फवारून धुणारी सीट, १९८० साली बाजारात आणलं, जपानमध्ये आता बहुसंख्य घरांत तशी सीट आहे, तरीही तिथे टॉयलेट पेपरचा खप संपला नाही. धुतल्यावर कोरडं करायला लागतोच. कमी लागतो हे मान्य. अमेरिकेत २०२० मध्ये रोल मिळेनात तेव्हा बिडेची (पाण्याने धुण्याच्या अशाच सोयीची) विक्री उसळली, पण तिथल्या मिल काही बंद पडल्या नाहीत.

शिवाय टिश्यू म्हणजे काही फक्त टॉयलेट पेपर नाही. किचन टॉवेल, फेशियल, नॅपकिन, हात पुसायचे टॉवेल. तिथे तुमचा जेट काय करणार?

अर्धवट

हात वाळवायला ब्लोअर आहे की.

वसुधा_क

ब्लोअरवरून आमच्याकडे कायम वाद. दोन्ही बाजूंचे लोक अभ्यास घेऊन येतात, एकात ब्लोअर जंतू उडवतो, दुसऱ्यात पेपर टॉवेल पर्यावरणाचा शत्रू. मी फक्त एक बघते, अभ्यासाला पैसे कोणी दिले. बहुतेक वेळा तिथेच उत्तर मिळतं.

कोविडच्या वेळचा गोंधळ मात्र मी जवळून पाहिला. घरगुती रोल मिळत नव्हते आणि आमच्या गोदामात ऑफिसवाले मोठे रोल नुसते पडून. लोक विचारायचे हेच का विकत नाहीत दुकानात. अहो तो रोल घरच्या होल्डरमध्ये बसतच नाही!

कागदी घोडा

अगदी. २०२० मध्ये साठेबाजी झाली हे खरंच पण त्याच्या जोडीला अख्खी मागणी ऑफिसातून घरात सरकली होती, आणि त्या दोघांच्या कन्व्हर्टिंग लाइन वेगळ्या. पेपर मशीन एक वेळ तेच चालेल पण पुढे रोल गुंडाळणं, एम्बॉसिंग, छिद्रं पाडणं, करवतीने कापणं, पॅकिंग, हे सगळं ठरावीक मापाला बांधलेलं. आणि ही मशीन तशीही रात्रंदिवस पूर्ण क्षमतेनेच चालतात, वर खेचायला फारशी जागा नसते. त्यानंतर नव्या लाइन घेताना पटकन माप बदलणाऱ्या लाइनला मागणी वाढली, हा मात्र खराखुरा ट्रेंड.

अर्धवटराव, पाण्याने धुणं मला स्वतःला पटतं, पण उद्योगाच्या नजरेने बघा. उत्तर अमेरिकेत माणशी वर्षाला २५ किलोच्या आसपास टिश्यू लागतो, पश्चिम युरोपात १५-१६, आणि जगात कितीतरी देश असे की जिथे १ किलोसुद्धा नाही. वाढ तिथून येणार आहे. त्या वाढीपुढे बिडेमुळे होणारी घट किरकोळ.

प्रयोगशाळेतला

मऊपणाबद्दल लिहितो, कारण माझं पोट त्यावर आहे. मऊपणा मोजायला पूर्वी माणसांचं पॅनल बसवायचे, डोळे झाकून हात लावायचा आणि नंबर द्यायचा. अजूनही बसवतात. पण लाइपझिगच्या एमटेक कंपनीचं एक यंत्र आहे, टीएसए म्हणतात, त्यात नमुना ड्रमच्या कातड्यासारखा ताणून बसवतात आणि वरून छोटी पाती फिरवतात, त्यातून जो आवाज निघतो त्यावरून मऊपणा काढतात. म्हणजे अक्षरशः टिश्यूचा आवाज ऐकायचा. सॅम्पल बदलला की आलेख कसा हलतो ते बघायला मजा येते.

आता घोडेरावांच्या मुद्द्याला जोडून. टिश्यू मऊ का लागतो, कारण त्यात हवा असते. प्रेसमध्ये दाबून पाणी काढलं की ऊर्जा वाचते पण कागद चपटा होतो. न दाबता वाळवला की जाड, फुगीर, मऊ. म्हणून टीएडी, म्हणजे कागद न दाबता त्याच्या आरपार गरम हवा ओढून वाळवायचा, ही पद्धत प्रॉक्टर अँड गॅम्बलने १९६० च्या दशकात काढली आणि अमेरिकेतले महागडे रोल अजून त्यावरच चालतात. त्यात तंतू कमी लागतात हे खरं, कारण फुगवटा हवेचा असतो. पण वाळवण्याचा खर्च विचारू नका.

कागदी घोडा

हेच! मी आकड्यात सांगतो. ४० टक्के कोरडा कागद यांकीवर आला तर १ किलो तंतूमागे दीड किलो पाणी उडवायचं. शू प्रेस, म्हणजे कागद जास्त रुंद पट्ट्यात दाबणारा प्रेस, लावून तोच ४७ टक्क्यांवर नेला तर उडवायचं पाणी सव्वा किलोच्याही खाली, १.१३ किलो. म्हणजे नुसत्या दाबण्यावर पाव हिस्सा वाफ वाचली. आणि टीएडीवाला नेमकं उलटं करतो, मुद्दाम जास्त ओला कागद घेऊन तो हवेने वाळवतो.

त्यामुळे मधले मार्ग निघालेत, व्हॅल्मेट आणि व्हॉइथ या मशीन बनवणाऱ्या कंपन्यांचे, अनुक्रमे एनटीटी आणि अॅटमॉस वगैरे. कागद थोडा दाबायचा पण नक्षीदार बेल्टवर, म्हणजे खळग्यांत हवा राहते. टीएडीइतका मऊ नाही पण साध्यापेक्षा बराच बरा, आणि ऊर्जा कुठेतरी मधे. पुढच्या काळात माझा पैसा या मधल्या प्रकारावर.

शेअरबाबू

उष्णतेचं एवढं महत्त्व असेल तर २०२२ ला युरोपात गॅस भडकला तेव्हा काय झालं? मला आठवतंय जर्मनीत कोणीतरी बुडालं होतं.

कागदी घोडा

हाकले. जुनी नावाजलेली टॉयलेट पेपर कंपनी, सप्टेंबर २०२२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, कारण गॅस, वीज आणि लगदा तिन्ही एकदम वर गेले आणि दुकानदार भाव लगेच वाढवून देईनात. टिश्यूवाल्यांना एका रात्रीत कळलं की आपण कागद विकत नसून वाफ विकतोय.

त्यानंतर जे प्रयोग चाललेत ते खरे ट्रेंड म्हणायचे. न्यूझीलंडमध्ये कावेराऊला एसिटीची मिल जमिनीखालच्या गरम वाफेवर टिश्यू वाळवते. जमीन तशी असेल तर याहून सुंदर काही नाही, पण तशी जमीन आणायची कुठून. स्वीडनमध्ये लिला एडेटला त्यांनीच बायोगॅस वापरून दाखवला. जर्मनीत कोस्टहाइमला हायड्रोजन जाळून बघितला. हायड्रोजनबद्दल मी थंड आहे, कारण आधी विजेतून हायड्रोजन करा, मग तो जाळून उष्णता करा, यात वाटेतच बरीच वीज उडून जाते. त्यापेक्षा सरळ इलेक्ट्रिक बॉयलर लावा, किंवा हूडमधून बाहेर फेकली जाणारी दमट गरम हवा पकडून हीट पंपाने परत वाफ करा. ती हवा छतावरून जाताना बघितली की जीव तुटतो, अख्ख्या मिलचा पैसा धुराड्यातून पांढरा होऊन जात असतो. हीट पंपाची अडचण तापमानाची, यांकीला लागेल एवढ्या गरम वाफेपर्यंत पोचणारे पंप आत्ता कुठे येऊ लागलेत.

शेअरबाबू

धन्यवाद. आता माझ्या आवडीचं. कंपन्यांची उलथापालथ बघताय का? क्लीनेक्स बनवणाऱ्या किंबर्ली-क्लार्कने २०२५ मध्ये जाहीर केलं की उत्तर अमेरिकेबाहेरचा बराचसा टिश्यू धंदा ब्राझीलच्या सुझानोबरोबरच्या नव्या कंपनीत टाकणार, त्यात ५१ टक्के सुझानोचे. चीनमधली टिश्यू कंपनी विंडा २०२४ मध्ये सिंगापूरच्या आरजीई गटाकडे गेली. म्हणजे क्लीनेक्सवाले मागे सरकतायत आणि लगदेवाले पुढे येतायत.

कागदी घोडा

बाबू, तुम्ही नेमक्या नसेवर बोट ठेवलंत. सुझानो जगातली सगळ्यात मोठी बाजारात लगदा विकणारी कंपनी, ब्राझीलमध्ये निलगिरी सहा-सात वर्षांत कापायला येते. २०२४ मध्ये त्यांनी रिबास दो रिओ पार्दोची मिल चालू केली, एकटीची क्षमता वर्षाला २५ लाख टनांहून जास्त. आरजीईकडेही स्वतःची लागवड आणि लगदा. लगद्याचा भाव सारखा वरखाली होतो, तो खाली असला की लगदेवाला रडतो, वर असला की टिश्यूवाला रडतो. दोन्ही एकाच घरात असले की रडणं घरातल्या घरात मिटतं.

कॅनडाच्या उत्तरेकडच्या जंगलावरूनही दबाव आहेच. एनआरडीसी या संस्थेने २०१९ पासून मोठ्या ब्रँडना नापास करणारी प्रगतिपुस्तकं काढली, २०२० मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या जवळपास दोन तृतीयांश भागधारक मतांनी जंगलतोडीबद्दल अहवाल द्या असं सांगितलं. युरोपचा जंगलतोडविरोधी कायदा २०२३ मध्ये आला पण अंमलबजावणी परत परत पुढे ढकलली गेली. तरी लाकूड नेमकं कुठल्या तुकड्यातलं हे सांगायची तयारी सगळे करतायत. यात लागवडवाल्यांचं फावणार, कारण त्यांना आपला प्लॉट ठाऊक असतो. निलगिरीच्या एकसुरी लागवडीवर वेगळा धागा होईल, इथे नको.

चौकस_मनी

लगदा-वाफ ठीक आहे हो, पण रोल बारीक होत चाललेत त्याचं काय? मी बदलताना पाहिलंय, पुठ्ठ्याची नळी मोठी झालीय आणि कागद कमी. बाहेरून रोल तेवढाच दिसतो. हाही ट्रेंडच ना?

प्रयोगशाळेतला

मनीताई, शंभर टक्के ट्रेंड, फक्त ब्रोशरमध्ये लिहीत नाहीत. नळी मोठी करणं, पानाची रुंदी थोडी कमी करणं, छिद्रांमधलं अंतर कमी करणं म्हणजे "पानं" तेवढीच राहतात, आणि एम्बॉसिंग खोल करून सैल गुंडाळणं. उपाय सोपा, रोल वजनकाट्यावर ठेवा आणि नळीचं वजन वजा करा. "मेगा", "जंबो", "डबल" हे शब्द कशाच्या तुलनेत ते कोणी सांगत नाही. टिश्यू किलोवर बनतो, पण दुकानात रोलवर विकला जातो, सगळी जादू त्या फटीत.

निवांत_नाना

याच्या उलटही होतंय. जपानमध्ये दुप्पट-तिप्पट लांबीचे घट्ट गुंडाळलेले रोल वाढलेत. एप्रिल २०२४ पासून तिथे ट्रक ड्रायव्हरांच्या ओव्हरटाइमला मर्यादा आली, त्यात हवा भरलेले रोल वाहून नेणं म्हणजे ट्रक वाया घालवणं. घट्ट रोल केला की त्याच ट्रकमध्ये कितीतरी जास्त कागद जातो, गोदामात जागा कमी, पॅकिंगचं प्लास्टिक कमी.

कागदी घोडा

नाना, मस्त मुद्दा. म्हणूनच टिश्यू मिल गिऱ्हाइकाजवळ असतात, तयार रोल फार लांब नेणं परवडत नाही. लांब जातो तो लगदा, नाहीतर जंबो रोल. हे पुढेही बदलेल असं वाटत नाही.

वसुधा_क

आणि स्मार्टचं काय? आमच्याकडे एका कंपनीने सेन्सरवाले डिस्पेन्सर बसवून दिले, कागद संपत आला की अॅपवर कळणार. झालं असं की बॅटऱ्या आधी संपायच्या आणि कागद नंतर, मग बॅटरी बघायला माणूस पाठवायचा, तो जाताजाता कागदही बघायचा. म्हणजे जुनीच पद्धत, वर अॅपची वर्गणी.

कागदी घोडा

ताई, हसू आवरेना. पण कल्पना वाईट नाही, विमानतळासारख्या जागी गर्दी कुठे झाली त्यावरून साफसफाई ठरवणं उपयोगाचं आहे, आणि अर्धे रोल फेकून देणं थांबतं.

मशीनवर मात्र कॅमेरे आणि डेटा खरंच कामाचे. दीड-दोन हजार मीटरच्या वेगाने पळणारा कागद तुटला की काय कारण हे पूर्वी अंदाजाने ठरायचं, आता कॅमेऱ्यात मागे जाऊन भोक कुठून सुरू झालं ते दिसतं. पिंपावरचा गोंदाचा थर, ब्लेडची थरथर हे सतत मोजता आलं तर ब्लेड कधी बदलायचं ते सांगता येतं. बाकी "एआय मिल चालवेल" वगैरे वाचलं की सोडून देतो. टिश्यूची धूळ इतकी बारीक असते की सेन्सरवर तासाभरात थर बसतो, आणि ती धूळ पेट घेते. रोबोट असो की माणूस, कन्व्हर्टिंगमध्ये धूळ काढणारी यंत्रणा बंद पडली की सगळ्यांनीच बाहेर पळायचं.

चौकस_मनी

एक घाबरवणारा प्रश्न. टिश्यूत कायम टिकणारी रसायनं सापडली असं वाचलं होतं, पीएफएएस. वापरू का नको?

प्रयोगशाळेतला

फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांचा २०२३ चा अभ्यास. जगाच्या वेगवेगळ्या भागांतल्या टॉयलेट पेपरमध्ये आणि सांडपाण्याच्या गाळात एकाच जातीचं संयुग दिसलं. प्रमाण सूक्ष्म, आणि चिंता त्वचेपेक्षा सांडपाण्याची जास्त. तेव्हा घाबरून जाऊ नका, पण कारखान्यांना वंगण आणि मिश्रणांची यादी तपासावी लागणार हे नक्की. रिसायकल्डमध्ये दुकानाच्या थर्मल पावत्यांतून बिस्फेनॉल हे रसायन यायचं, युरोपने २०२० पासून पावत्यांमध्येच त्यावर मर्यादा घातली. मूळ रद्दी साफ केली की टिश्यू आपोआप साफ होतो.

मला जास्त काळजी आहे ती ओल्या वाइप्सची. काचेच्या बरणीत पाणी घ्या, एका बरणीत टॉयलेट पेपर, दुसरीत किचन टॉवेल, तिसरीत वाइप टाका आणि हलवा. पहिला लगेच विरघळून ढग होतो. टॉवेल अख्खा राहतो, कारण त्यात ओल्या अवस्थेतली मजबुती देणारं रेझिन असतं. वाइप तर पिळून परत वापरता येईल असा, कारण बऱ्याच वाइप्समध्ये पॉलिएस्टर असतं. लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये २०१७ साली गटारात चरबी आणि वाइप्सचा २५० मीटर लांबीचा, १३० टनांचा गोळा सापडला होता. युरोपात २०२१ पासून अशा पाकिटांवर प्लास्टिकची खूण सक्तीची आहे. निव्वळ सेल्युलोजचे वाइप्स हा टिश्यूवाल्यांसाठी मोठा नवा धंदा ठरू शकतो, आव्हान एकच, पाकिटात महिनोन्महिने ओलं राहून टिकलं पाहिजे आणि गटारात मिनिटभरात विरघळलं पाहिजे.

शेअरबाबू

वाचनखूण साठवली. घोडेराव, शेवटचं. हे सगळं ऐकून दहा वर्षांनी काय दिसेल असं तुम्हाला वाटतं? गोलमोल नको.

कागदी घोडा

गोलमोल नाही. पण आधी एक लक्षात घ्या, यांकी पिंप तीस-चाळीस वर्षं चालतं. आज जे मशीन ऑर्डर होईल ते २०५५ लाही कागद काढत असेल. त्यामुळे ट्रेंड ओळखायचा तर परिषदांची भाषणं ऐकण्यापेक्षा इटलीत लुका भागात जाऊन कोणती मशीन पाठवायच्या तयारीत आहेत ते बघावं, टिश्यूची अर्धी यंत्रविद्या त्या एका जिल्ह्यात एकवटलीय. व्हॉइथने तिथली टोस्कोटेक २०२० मध्ये घेतली, व्हॅल्मेटने २०२३ मध्ये कोर्बरचा टिश्यू विभाग घेतला, हे काही हौसेने नाही. लगदा आत टाकल्यापासून पॅक केलेला रोल बाहेर येईपर्यंत एकाच विक्रेत्याची लाइन, तिकडे चाललंय सगळं.

माझा अंदाज असा. बिडाच्या यांकी जाऊन स्टीलच्या आल्यातच, त्यांची भिंत पातळ त्यामुळे उष्णता चांगली जाते. नव्या मशीनवर शू प्रेस आणि इलेक्ट्रिक हूडची सोय आधीपासून ठेवलेली, वीज स्वस्त झाली की बर्नर काढून टाकायचा. रिसायकल्ड पांढरा टिश्यू दुर्मिळ आणि ताज्या लगद्यापेक्षा महागही. ऑफिसात तपकिरी टॉवेल. बांबू एका कोपऱ्यात टिकून.

आणि टीएडी अमेरिकेत वाढतच राहणार. तिथल्या गिऱ्हाइकाला एकदा तो जाड मऊ रोल हाताला लागलाय, तो आता परत चपट्या कागदाकडे येत नाही, पाकिटावर कितीही हिरवी पानं छापा.

अर्धवट

म्हणजे शेवटी जेट स्प्रेच.

कागदी घोडा

बसवा हो, पण कोरडं कशाने करताय ते पण लिहा.